कानामागचा ठिपका

मोहिदिलने काडीच्या टोकावर रंग घेतला, मुलीचा डावा कान पुढे दुमडला आणि कानामागे मसुरीच्या दाण्याएवढा ठिपका ठेवला.

"हे काय?" इनोबत खाला बाकावरून अर्धवट उठल्या. "बाई गं, भुवया कपाळाखाली असतात. निदान आमच्या घराण्यात तरी."

"आधी इथे लावून बघायचं, खाला. काही झालं नाही, तर उद्या भुवयांना लावीन."

"उद्या? परवा निकाह आहे! उद्या अख्खा मोहल्ला गाजरं चिरायला येणार आहे माझ्याकडे."

"म्हणून तर सोमवारी फोनवर म्हटलं होतं, रंग लावायच्या दोन दिवस आधी मुलीला दहा मिनिटं पाठवून द्या."

"म्हटलं होतंस. मी कुठे ऐकलं होतं?" खालांनी हे अगदी सहज सांगितलं. मोहिदिलने काडी कचऱ्यात टाकली.

खुर्चीतली मुलगी, दुर्दोना, आरशात न बघता स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत बसली होती. एकोणीस वर्षांची असेल. आत आल्यापासून ती एकच शब्द बोलली होती. केस बांधू का? चालेल. खिडकी लावू? चालेल. भुवया जाड हव्यात की बारीक? तिने बाकावरच्या होणाऱ्या सासूकडे बघितलं आणि म्हणाली, चालेल.

"पोरी, आधी कधी हा रंग लावला होतास?" मोहिदिलने विचारलं. "खाज, सूज, असं काही?"

मुलीचे ओठ हलले. खाला बाकावर बसून तिच्याकडेच बघत होत्या.

"चालेल," ती म्हणाली.

मोहिदिलच्या डोक्यात तिडीक गेली. काय चालेल? प्रश्न काय, उत्तर काय! या मर्गिलान शहरात बायकांच्या टाळूची सालं निघतात तरी त्या उठताना 'हात सोन्याचे आहेत हो तुमचे' म्हणतात, पुन्हा तोंड दाखवत नाहीत, आणि आपल्याला वाटतं गिऱ्हाईक खूश होऊन गेलं. दोन वर्षांपूर्वी बँकेतली एक बाई अशीच गप्प बसली होती. संध्याकाळी तिच्या पापण्या उकडलेल्या बटाट्यासारख्या फुगल्या आणि तिला इस्पितळात इंजेक्शन घ्यावं लागलं. तेव्हापासून मोहिदिल ठिपका लावल्याशिवाय कुणाच्या भुवईला विकतचा रंग लावत नव्हती.

याची शिक्षा दाराजवळ खिळ्याला टांगलेली होती. सूचना आणि तक्रारींची वही. पानांना आकडे घातलेले, सगळी वही दोऱ्याने ओवून शेवटी शिक्का मारलेला, म्हणजे कुणी पान फाडायला नको. दहा वर्षांत त्या वहीत नुसती स्तुती होती. या महिन्यात मात्र दोन तक्रारी पडल्या होत्या आणि दोन्ही मोहिदिलच्या नावाने: लग्नाला निघालो होतो, कानामागे ठिपका लावून घरी पाठवलं. मालकीण तुर्सुनॉय ओपा, म्हणजे तुर्सुनॉय ताई, यांनी दुसरीखाली बोट ठेवून सांगितलं होतं, "तिसरी आली की ही खुर्ची दुसरीला देईन. रस्त्यापलीकडच्या सलूनमध्ये कुणी ठिपके लावत नाही." नवरा तीन वर्षं परदेशात होता आणि त्याचे फोन कमी कमी होत चालले होते. दोन मुलांचं घर या खुर्चीवर चाललं होतं.

आवाज चढलेला ऐकून तुर्सुनॉय ओपा आतल्या खोलीतून आल्या. एका गिऱ्हाइकाच्या डोक्याला लाल रंग लावता लावता उठल्या होत्या. कोपरापर्यंतच्या हातमोज्यांवरून रंग ओघळत होता.

"काय झालं, खाला? चहा दिला की नाही तुम्हाला?"

"चहा दिला, नवरी काही सजवून देत नाहीत. कानामागे डाग पाडून ठेवलाय आमच्या सुनेच्या."

ओपांनी मोहिदिलकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं.

"कालव," त्या म्हणाल्या. "शेवटचंच पाकीट आहे, सगळं कालव. सोमवारपर्यंत नवीन माल येत नाही."

"ओपा, एक दिवस..."

"कालव म्हटलं ना."

मोहिदिलने काचेच्या वाटीत पूड ओतली आणि पाणी घालून घोटायला लागली. आपल्या हातांचाच तिला राग येत होता. सांगितलं की लगेच हलतात. रंग आधी तपकिरी आणि मग काळाकुट्ट झाला. आरशातून ती मुलीकडे बघत होती. दुर्दोनाचा डावा हात मांडीवरून उठला, कानाच्या दिशेने गेला आणि अर्ध्या वाटेवरून खाली आला. तिने उजव्या हाताने तो मनगटाशी घट्ट धरून ठेवला.

"जळजळतंय का?" मोहिदिलने हळूच विचारलं.

"च... चालेल."

"अगं, चालेल काय! हो की नाही?"

"पोरीवर खेकसतेस?" खालांचा आवाज चढला. "आजारी आहे का ती? आजारी मुलगी आणली का मी घरात? माझ्यासमोर माझ्या सुनेला आजारी म्हणतेस?"

"मी फक्त विचारलं, खाला."

"विचारलंस! मी पन्नास लग्नं बघितली, पण नवरीची अशी झडती घेताना कुणाला बघितलं नाही. कुठे आहे तुमची ती वही? आण इकडे."

तुर्सुनॉय ओपांनी डोळे मिटून घेतले. मोहिदिलने खिळ्यावरची वही काढली आणि रंगाच्या वाटीशेजारी, आरशासमोरच्या फळीवर ठेवली. मान खाली घालून कापायला द्यावी तसं तिला वाटलं.

खालांनी पिशवी चाचपली. चष्मा घरी राहिला होता.

"दुर्दोना, तू लिही. लिही... मोहिदिल नावाच्या बाईने आमची सकाळ वाया घालवली."

मुलीने पेन उचललं आणि फळीवर वाकून लिहायला लागली.

"काम सोडून नको ते प्रश्न विचारले. पुढे लिही. आमच्या नवरीला आजारी म्हणाली. अशा बाईला कामावर ठेवू नये. झालं?"

पेन अजून चालत होतं. मोहिदिलच्या लक्षात आलं की खाला बोलतात तेव्हा ते थांबतं, आणि त्या श्वास घ्यायला थांबल्या की भराभर धावतं. दहा वर्षं लोकांच्या चेहऱ्यांवर काम केलेल्या बाईला एवढं दिसतं. खालांनी वही ओढून डोळ्यांजवळ नेली, मग लांब धरली.

"ही तुमची नवी इंग्रजी वळणाची अक्षरं! आमच्या वेळी जुनी रशियन होती, चष्म्याशिवायही ओळखू यायची. या नुसत्या मुंग्या दिसतात. तुर्सुनॉय, वाचून दाखव."

"माझे हात असे भरलेत," ओपा म्हणाल्या. "मोहिदिल, तूच वाच. काय कमावलंस ते स्वतःच ऐक."

मोहिदिलने वही हातात घेतली. शाळेतलं गोल, नीटस अक्षर होतं.

'ठिपका लावल्यापासून कानामागे आग होतेय. नववीत भावाच्या लग्नात हेच लावलं होतं, दोन दिवस डोळे उघडले नव्हते. आई म्हणाली सासरी बोलू नकोस, नवरीत खोट आहे म्हणतील, लग्न मोडेल. रंग लावू नका. मी सांगितलं असं म्हणू नका.'

तिने ते दुसऱ्यांदा वाचलं. इतके दिवस आपण हेच सांगत नव्हतो का? एवढं पान ओपांसमोर धरलं असतं, तर दोन्ही जुन्या तक्रारी आपोआप पुसल्या गेल्या असत्या. आपण खरे होतो, हे पहिल्यांदाच कुणीतरी शाईने लिहून दिलं होतं. आरशात मुलीचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"वाचतेस ना?" खाला म्हणाल्या.

"मोहिदिल नावाच्या बाईने आमची सकाळ वाया घालवली," मोहिदिलने पानाकडे बघत वाचलं. "काम सोडून नको ते प्रश्न विचारले. आमच्या नवरीला आजारी म्हणाली. अशा बाईला कामावर ठेवू नये."

"अगदी बरोब्बर," खाला खूश झाल्या. "पोरीचं शिक्षण वाया गेलेलं नाही."

"तिसरी," तुर्सुनॉय ओपा म्हणाल्या. "आण ती वही, माझ्या टेबलावर ठेव. रात्री सही करीन."

मोहिदिलने वही उघडीच फळीवर ठेवली आणि वाटी उचलली. दहा वर्षांत तिच्या हातून थेंब सांडला नव्हता. वाटी उघड्या पानावर उपडी झाली. काळा रंग अक्षरांवरून पसरला, दोऱ्यापर्यंत गेला आणि पुढच्या पाच-सहा पानांत मुरला.

"हे काय केलंस!" ओपा ओरडल्या. "शेवटचं पाकीट होतं!"

"हात निसटला."

"हात निसटला? उद्यापासून येऊच नकोस तू. ऐकलंस? आजचं आवर आणि नीघ."

"बघा," इनोबत खाला म्हणाल्या, "मी लिहायला सांगितलं ते उगाच नाही." मग त्यांना एकदम आठवलं, आपण कशासाठी आलो होतो ते. "पण भुवयांचं काय आता? पलीकडच्या सलूनमध्ये नेते हिला."

मोहिदिलने फडक्याने हात पुसले. डोळे भरून येत होते, पण ते काम नंतरचं होतं.

"खाला, रागावू नका. तुमच्या भुवयांना आयुष्यभर उस्म्याच्या पानांचा रसच लावलाय ना? लगेच कळतं. या वयात एवढ्या दाट भुवया विकतच्या रंगाने राहत नाहीत."

खालांचा हात नकळत स्वतःच्या कपाळाकडे गेला.

"आजी लावायची," त्या म्हणाल्या. "दर वसंतात. अंगणातच होता."

"माझ्याकडे सकाळची जुडी आहे, घरी न्यायला घेतली होती. रंग तीन दिवस टिकेल. निकाह होईल, रविवारी सून पदर घेऊन सगळ्यांना सलाम करील, तोवर कोळशासारखा राहील. तुमच्या घराण्याची भुवई दिसेल ती."

"लाव तर मग," खाला म्हणाल्या, "पण लवकर." आणि बाहेर थांबलेल्या गाडीवाल्याला आणखी थोपवायला निघून गेल्या. ओपा पाय आपटत आपल्या लाल डोक्याकडे परतल्या.

दोघीच उरल्या. मोहिदिलने आधी ओल्या कापसाने मुलीच्या कानामागचा ठिपका पुसला. खाली कातडी लालबुंद झाली होती. तिने तिथे थंड पाण्याची पट्टी धरली. मग उस्म्याची पानं तळहातात चुरडली, मुठीत पिळली आणि हिरवा रस बशीत गाळला. काडीला कापूस गुंडाळून ती भुवया काढू लागली, आधी उजवी, मग डावी. काही विचारण्यात अर्थ नाही हे तिला माहीत होतं, तरी सवय जाईना.

"जळजळतंय?"

मुलीने पहिल्यांदा मान वर करून आरशात बघितलं.

"नाही," ती म्हणाली.

मोहिदिलचा हात थांबला. दुर्दोनाने दाराकडे एकदा नजर टाकली, खाला अजून गाडीवाल्याशी भांडत होत्या. मग आरशाजवळ सरकून तिने दोन्ही भुवया नीट बघितल्या, एकीवरून दुसरीवर नजर फिरवली.

"ओपा," ती मोहिदिलला अगदी हळू म्हणाली, "डावी जरा जाड झालीय."

मोहिदिलने कापूस ओला केला, डावी भुवई पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतली.