नंदूभाऊंची कावीळ परीक्षेला बसते

१९९४ साली नेरुळच्या सिडको बिल्डिंगीत नंदकिशोर मोकल यांना कावीळ झाली. महापेच्या कंपनीतून रजा, बिनतेलाचं जेवण आणि उसाचा रस सुरू झाला. वरच्या मजल्यावरच्या सरोजिनीबाई वाशीच्या एका संस्थेत लॅब टेक्निशियनचा कोर्स शिकवत. त्या समाचाराला आल्या.

"नंदूभाऊ, सोमवारी माझ्या मुलांची प्रॅक्टिकल परीक्षा आहे. लघवीतलं पित्त ओळखायचंय. तुमची थोडी मिळेल?"

नंदकिशोर उठून बसले. आयुष्यात इतक्या अदबीनं त्यांच्याकडे कुणी काही मागितलं नव्हतं.

"मिळेल की! तयारी काय करू?"

"काही नको. सकाळची ताजी द्या."

त्या दिवसापासून त्यांनी उसाचा रस परत पाठवायला सुरुवात केली. "सोमवारपर्यंत बरं व्हायचं नाही," त्यांनी बायकोला बजावलं.

"लोकांची पोरं पास व्हावीत म्हनून तुमी पिवळे राहनार?" ती कडाडली.

रोज सकाळी ते सरोजिनीबाईंच्या दारात डोळे फाकवून उभे राहायचे. "आहे ना अजून?"

"आहे, आहे," बाई म्हणायच्या आणि मग जीभ चावून, "लवकर बरे व्हा हं."

सोमवारी इस्त्रीचा शर्ट घालून, कागदात गुंडाळलेली जॅमची बाटली मांडीवर धरून नंदकिशोर रिक्षानं वाशीला पोचले. बाटली आत गेली, ते बाहेरच्या बाकावर बसले.

मुलांनी लघवीत बेरियम क्लोराइड घातलं, पांढरा साका फिल्टर पेपरवर गाळला आणि त्यावर फाउचेट रिएजंटचे थेंब टाकले. पित्त असलं की तिथे हिरवा रंग येतो. बाकावरचे पिवळे डोळे येताना सगळ्यांनीच पाहिले होते. त्यामुळे सगळ्यांनी बेधडक लिहून टाकलं, "हिरवा." फक्त सिदरा नावाच्या मुलीनं पेपर उजेडात धरला, परत सगळं करून पाहिलं आणि रडकुंडीला येऊन लिहिलं, "रंग आला नाही."

परीक्षकांनी स्वतः टेस्ट केली. हिरव्याचा मागमूस नव्हता.

"ही एकटी बरोबर," ते म्हणाले. सिदरा आता खरोखरच रडली. सरोजिनीबाईंना हसावं की घाम पुसावा कळेना. त्या बाहेर आल्या.

नंदकिशोर ताडकन उभे राहिले. "काय लागलं?"

"निगेटिव्ह."

"म्हणजे मी नापास?"

"अहो, तुम्ही बरे होताय!"

"पण डोळे बघा ना! पिवळे आहेत!"

"डोळे मागून साफ होतात. लघवी आधी."

नंदकिशोर मटकन बसले. "रस सोडला, बाई. बायकोच्या शिव्या खाल्ल्या. अजून काय करायचं माणसानं?" थोड्या वेळानं त्यांनी हळूच विचारलं, "आमच्या कंपनीच्या स्टोअरमधला कृष्णात जरा पिवळट दिसतो. त्याला विचारू?"

"नको हो," सरोजिनीबाई म्हणाल्या आणि त्यांना रिक्षात बसवायला निघाल्या. कोपऱ्यावर वडे तळत होते. नंदकिशोर थबकले.

"निगेटिव्ह म्हणालात ना?"

"अजून पंधरा दिवस नाही," बाईंनी त्यांचा दंड धरला.