गुडबायचे पान

मी एक जुना इंग्रजी शब्दकोश आहे. मित्रांनो, उत्तर न मिळालेले एक पत्र एकोणीस दिवस माझ्या पानांत पडून होते. त्या दिवसांची आठवण आली की आजही माझी शिवण सैल होते.

हेमकांत सरांनी मला धुळ्याहून आणले. नवापूरच्या शाळेत तीस वर्षे मी त्यांच्या टेबलावर होतो. मुले मला दोन्ही हातांनी उचलत. सर निवृत्त होऊन सारंगखेड्याला आले, तसा मी कपाटावर गेलो. तिथे मला कसर लागली.

मग प्रिस्किलाचे पत्र आले. ती सरांची जुनी विद्यार्थिनी.

'सर, फोनवर तुम्ही गप्प बसता, म्हणून लिहिते. बाबांच्या कबरीच्या दगडावर मला गुडबाय कोरायचे आहे. मला बसमध्ये बसवताना ते नेहमी तेच म्हणायचे. तेवढेच इंग्रजी त्यांना येई. नारसिंगकाका म्हणतात, हा एसटी स्टँडवरचा शब्द, कबरीवर देवाचे नाव पाहिजे. तुम्ही शिकवले होते, गुड म्हणजे चांगले, बाय म्हणजे जाणे. मग तो शब्द तिथे शोभेल का? कारागीर पंचवीस तारखेला येईल.'

सरांनी मला खाली काढले, धूळ पुसली आणि तो शब्द पाहिला. इतका सोपा शब्द म्हणून त्यांनी तो आजवर माझ्यात कधी पाहिलाच नव्हता. अर्थ त्यांनी दोनदा वाचला. पत्र त्याच पानात ठेवून त्यांनी मला मिटले.

रोज ते कागद घेत, 'चि. प्रिस्किला' लिहीत आणि फाडून टाकत. एक एक तारीख सरत होती. आत मी घाबरलो होतो. त्या पानाचा कोपरा कसरीने खाल्ला होता आणि ती अजून खातच होती.

अखेर सरांच्या पत्नी रंजनाबाईंनी विचारले, "मास्तर, ती पोर वाट देखी ऱ्हायनी. कागद का बरं लिखतस नही?"

"तीस वरीस मी पोरेसले चुकीचं सांगं. आते कोनता तोंडे लिखू?"

"तीस वरीस पोरेसन्या चुका काढ्यात. आते तुम्हनी एक निंघनी, ते इतलं काय? लिखी टाका."

सरांनी नवा कागद घेतला. मग त्यांनी मला उघडून समोर ठेवले आणि लिहिले:

'चि. प्रिस्किला, मी चुकीचे शिकवले. न पाहता शिकवले. चारशे वर्षांपूर्वी निघणाऱ्याला लोक एक पूर्ण वाक्य म्हणत, गॉड बी विथ यी, म्हणजे देव तुमच्याबरोबर असो. म्हणता म्हणता ते झिजले आणि गुडबाय झाले. त्यातला गुड हा मुळात गॉड होता. काकांना सांग, देवाचे नाव त्यात आधीपासूनच आहे. तुझे बाबा, दानियलभाऊ, तुला दर वेळी तेच देत होते.'

वीस तारखेला सर टपाल कार्यालयात निघाले. मलाही पिशवीत घेतले. खिडकीशी पाकीट देता देता त्यांचा हात थांबला. त्यांनी मला काढून ते पान पुन्हा वाचले.

"सर," आतून टपाल कारकून भीमसिंग म्हणाला, "कागद टाकी ऱ्हायनात का परीक्षा दी ऱ्हायनात?"

मित्रांनो, कसर आणखी दोन बोटे सरकली असती, तर त्या पानावर सरांना काहीच सापडले नसते. आम्हाला अधूनमधून ऊन दाखवा. आणि जो शब्द येतो असे वाटते, तोही एकदा उघडून पाहा.

सरांनी मला मिटले आणि पाकीट खिडकीतून आत सरकवले. भीमसिंगने त्यावर शिक्का मारला.