उत्तरेच्या खिडकीतलं घड्याळ

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर एका गोदामात चला. मातीच्या जाड भिंती आहेत, वर पत्रा आहे आणि हवेत अजून घेवड्याच्या पोत्यांचा वास आहे. पोती बाजूला सारून तिथं बाकं मांडली आहेत. बाकं भरून गेली, म्हणून उरलेली माणसं भिंतीला टेकून उभी आहेत. समोर उत्तरेच्या खिडकीत जांभळ्या मखमलीवर एक गोल घड्याळ आहे. पांढरी तबकडी, काळे काटे, बाकी काही नाही. एक माणूस त्यावर कापड टाकतो, कापडाखाली हात घालून काहीतरी पुटपुटतो आणि कापड झटकन ओढतो.

काटे धावायला लागतात. कुणाचं बोट लागलेलं नाही, तरी सरसर फिरत ते बारावर येतात आणि गप्प उभे राहतात. माणूस म्हणतो, "आता प्रार्थना करा." लोक माळ घेऊन प्रार्थना करतात. माळ संपत आली की काटे पुन्हा धावतात आणि बरोबर त्या क्षणाच्या वेळेवर येऊन थांबतात.

अंगावर शहारा आला ना? लास गार्सासच्या लोकांच्याही आला होता. मेक्सिकोच्या दुरांगो राज्यातलं हे गाव घेवडा पिकवतं, आणि त्या हिवाळ्यात दर रविवारी संध्याकाळी सगळं गाव या गोदामात येऊन बसायचं.

"भावांनो, बहिणींनो," कापड ओढणारा तो माणूस, बंधू क्रिसोफोरो, म्हणायचा, "तुमच्या मनगटावरची घड्याळं कारखान्यात लावतात. हे वर लावतात. सरकारनं वर्षानुवर्षं उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायला लावून तुमच्या दिवसातला एक तास पळवला. ही मात्र देवाची वेळ. इथं सरकारचा हात पोचत नाही. ज्याच्या शरीराचे काटे बिघडलेत, त्यानं इथं बसावं. या काट्यांबरोबर त्याचेही जागेवर येतील."

अशाच एका रविवारी मागच्या बाकावर एवारिस्तो मास्तर काठीवर हनुवटी टेकून बसले होते. समोर डोळे मिटलेल्यांपैकी निम्म्यांना त्यांनीच कधीतरी शाळेत चुंबक आणि वीज शिकवली होती. हे मनात आलं आणि त्यांना एकाएकी फार थकल्यासारखं झालं. घड्याळ पाहताक्षणी त्यांनी ओळखलं होतं. तसलंच एक त्यांच्या घरी भिंतीवर होतं, सीमेपलीकडून पुतण्यानं आणलेलं.

ते आले होते लेकीसाठी. ऑर्तेन्सिया दुसऱ्या रांगेत बसली होती. तिला साखरेचा आजार होता आणि रोज संध्याकाळी इन्शुलिनचं इंजेक्शन घ्यावं लागायचं. तीन आठवड्यांपूर्वीच्या रविवारी काटे बारावर आले ते हललेच नाहीत. माळ संपली, दुसरी झाली, काटे तिथंच. तेव्हा क्रिसोफोरोनं गर्दीवरून सावकाश नजर फिरवली होती. "इथं कुणीतरी असं बसलंय," तो म्हणाला होता, "ज्याचा देवापेक्षा सुईवर जास्त विश्वास आहे. त्या एकामुळे आपल्या सगळ्यांचे काटे अडले."

ऑर्तेन्सियाची मान खाली गेली. त्या दिवसापासून तिचं इंजेक्शन बंद झालं. पुढच्या रविवारी काटे धावले, आणि ती ओक्साबोक्शी रडली.

आता ती घागरभर पाणी प्यायची, तरी तिची तहान जात नव्हती. डाळीतले खडे तिला दिसत नव्हते. बूट चावून अंगठ्याला झालेली जखम भरत नव्हती.

प्रार्थनेनंतर घरी आल्यावर मास्तरांनी भिंतीवरचं आपलं घड्याळ काढलं, स्वयंपाकघराच्या टेबलावर खिडकीशी ठेवलं आणि मागचं बटण दाबलं. काटे सरसर धावत बारावर गेले.

"आता कुणी प्रार्थना करायची नाही," ते म्हणाले. "ब्रिसे, तू तर मुळीच नाही."

"मी कशाला करू? मला भूक लागलीय," ब्रिसेइदा म्हणाली. ती ऑर्तेन्सियाची मुलगी, दहा वर्षांची.

चुलीवर घेवडा रटरटत होता. तिघं बसून राहिली. थोड्या वेळानं काटे पुन्हा धावले आणि बरोबर वेळेवर थांबले.

"बघितलंस?" मास्तर लेकीला म्हणाले.

"बघितलं की. म्हणजे बंधूंची प्रार्थना आपल्या घरापर्यंत पोचते."

मास्तरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अगं, सीमेपलीकडे कोलोराडोत एक मोठा मनोरा आहे. तो रात्रंदिवस रेडिओवरून वेळ सांगत असतो. या घड्याळाच्या पोटात एक छोटा रेडिओ आहे. अंधार पडला की तो मनोरा आपल्यापर्यंत ऐकू येतो. घड्याळ वेळ ऐकतं आणि काटे लावून घेतं. एवढंच आहे ते."

"बाबा," ऑर्तेन्सिया शांतपणे म्हणाली, "आई आजारी होती तेव्हाही तुमच्याकडे सगळं होतं. रक्ताचे आकडे होते, एक्स-रेचे फोटो होते. सगळं बरोबर होतं तुमचं. आणि आई गेली."

मास्तरांनी घड्याळ उचललं आणि पुन्हा खिळ्याला अडकवलं.

नोकरीतून निवृत्त झाल्यावर मास्तरांना एकच छंद लागला होता, नेमक्या वेळेचा. अंगणातल्या खोलीत त्यांनी त्याचा संसार मांडला होता. छपरावर वाटीएवढा अँटेना होता, तो उपग्रहांकडून वेळ घ्यायचा, आणि खाली एक हिरवा दिवा दर सेकंदाला मिचकायचा. शेजारी जुना रेडिओ टकटक करत दूरच्या केंद्राचे सेकंद मोजायचा. तोरेओनचा नाबोर नावाचा दोस्त बिनतारी संचावर यायचा आणि दोन म्हातारे अगदी गंभीरपणे एकमेकांना विचारायचे, "काय रे, तुझा सेकंद कसा आहे?" "माझा बरा आहे, तुझाच जरा उशिरा उठतो."

शनिवारी दुपारी ब्रिसेइदा तिथं स्टुलावर बसून पाय हलवत होती.

"आबा, तुम्ही इतकी घड्याळं का ठेवता? एक पुरत नाही?"

"एकच असलं तर ते चुकलंय हे कळणार कसं? म्हणून उपग्रहाला विचारायचं, मग रेडिओला विचारायचं. दोघांचं पटलं नाही तर तिसऱ्याकडे जायचं. वेळेच्या नादी लागलेली आम्ही सगळी माणसं अशीच संशयी."

"मग बंधूंचं घड्याळ कुणाला विचारतं?"

"त्या मनोऱ्याला. एकट्याला."

"आणि मनोरा चुकला तर?"

"तो चुकत नाही ग." मास्तर थांबले. "चुकत नाही, पण तो आपल्यासाठी नाही बोलत. तिकडच्या लोकांसाठी बोलतो."

"तिकडचे लोक अजून उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात ना? आपण पूर्वी करायचो तसं?"

मास्तरांनी कॅलेंडरकडे पाहिलं. मार्चचा दुसरा रविवार उद्यावर होता. "करतात," ते हळूच म्हणाले. "आज रात्रीच करणार."

ब्रिसेइदाचे पाय हलायचे थांबले. "आणि मनोरा तेही सांगतो?"

"सांगतो. माझ्या घड्याळाला मागे एक बारीक खटका आहे, तो बंद ठेवला की ते उन्हाळी वेळ मनावर घेत नाही. त्या बाबाला तो खटका ठाऊक असेल तर मग काही उपयोग नाही."

"त्याला नसेल ठाऊक. तो नोव्हेंबरात आला, आबा. त्याच्यासमोर वेळ बदललीच नाही अजून."

म्हातारा कितीतरी दिवसांनी हसला.

रात्री जेवताना मास्तर लेकीला म्हणाले, "मी तुला काही समजावत नाही. फक्त उद्या काट्यांकडे बघ. ते एक तास पुढे जाऊन थांबतील. मग कितीही प्रार्थना करा."

"आणि नाही गेले तर?"

"तर मी पुन्हा तुझ्या औषधाचं नाव काढणार नाही."

ऑर्तेन्सियानं मक्याच्या तोर्तियाचा तुकडा मोडला आणि मान डोलावली.

रविवारी गोदाम नेहमीसारखं भरलं. कापड पडलं, कापड उठलं, काटे धावत बारावर आले. लोकांनी माळा हातात घेतल्या. मास्तर काट्यांवर नजर लावून उभेच होते. माळ संपत आली तसे काटे सुटले. सात गेला. आठ गेला. थोडे पुढे जाऊन नऊवर आले, नऊच्याही थोडे पुढे, आणि थांबले.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग ब्रिसेइदा बाकावरून उठली.

"बंधू, किती वाजले?"

"देवाच्या वेळेनं नऊ वाजून गेले, पोरी."

खिशांतून दोनचार मोबाइल निघाले. "इथं तर आठ वाजलेत," कुणीतरी म्हणालं.

"मोबाइल सरकारचे," क्रिसोफोरो हसून म्हणाला. "म्हणून मागे पडले."

"थांब रे बाबा जरा." हा आवाज पहिल्या रांगेतून आला. त्रान्सितो आजी काठी टेकत उभ्या राहिल्या. कोपऱ्यावरचं किराणा दुकान त्यांचं. "एक तास पुढे? आणि तोही मार्चात? ही चोरटी मला चांगली माहितीय. ही सरकारची उन्हाळी वेळ. आमच्या सरकारनं ती चालवली तेवढी सगळी वर्षं मी तिला उंबऱ्याच्या आत घेतली नाही. नवरा घड्याळ पुढे करायचा, मी मागे करायची. तो जेवायला यायचा तेव्हा माझी चूलही पेटलेली नसायची, पण मी देवाची वेळ सोडली नाही. आता सरकारनं ती टाकली, तर ती देवानं उचलली म्हणतोस?"

मागून कुणीतरी खुदकन हसलं. गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. त्या सगळ्यांनीच उन्हाळ्यातली ती भांडणं केली होती.

"घड्याळाला नजर लागलीय," क्रिसोफोरो म्हणाला. "इथं कुणीतरी..."

"कुणीतरी, कुणीतरी," आजी म्हणाल्या. "दर वेळी तुझं कुणीतरीच असतं. मास्तर, तुम्ही सांगा. ही कुणाची वेळ आहे?"

मास्तर पुढे आले. भाषण करायची ताकद त्यांच्यात नव्हती, त्यामुळे ते थोडंच बोलले. घड्याळ उलटं करून त्यांनी मागचं बटण दाखवलं, ज्यावर कापडाखाली बंधूंचा अंगठा जायचा. मग सीमेपलीकडचा मनोरा सांगितला. घड्याळ खिडकीतच का लागतं तेही सांगितलं: पत्र्याखाली मनोऱ्याचा आवाज येत नाही आणि मनोरा उत्तरेला आहे. "आज पहाटे तिकडच्या लोकांनी घड्याळं पुढे केली. या बिचाऱ्यानं त्यांचं ऐकलं. तुमची प्रार्थना त्याला ऐकूच येत नाही."

"मग त्या रविवारी ते अडलं का?" कुणीतरी विचारलं.

ऑर्तेन्सियानं मान वर केली.

"चेमा," मास्तरांनी गर्दीत हाक मारली, "त्या रविवारी संध्याकाळी तू काय करत होतास?"

"मी? ट्रेलर जोडत होतो. इथंच, भिंतीपलीकडे. वेल्डिंग चालू होतं माझं."

"वेल्डिंगच्या ठिणगीनं रेडिओत खरखर होते हे तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय. या घड्याळालाही त्या दिवशी खरखरच ऐकू आली. त्यात कुणाचं पाप नव्हतं." ते लेकीकडे न बघता बोलत होते. "मी तुम्हाला माझ्यावर विश्वास ठेवा म्हणत नाही. माझ्याकडेही एका घड्याळाचं चालत नाही, मी दुसऱ्याला विचारतो. तुम्हीही तेवढंच करा. कुणी सांगितलं की अमुक झालं, तर विचारा, कशानं झालं? दुसऱ्या दिवशीही होतं का? त्याच्याशिवायही होतं का? आणि तो जर म्हणाला की विचारणं हेच पाप, तर उठून घरी जा. औषध सोडू नका."

मुलांनो, सगळं गाव एका क्षणात शहाणं झालं असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. बरेच जण पुटपुटत निघून गेले. काहींनी जाता जाता दाराशी ठेवलेलं, बंधूंनी मंतरलेलं पाणी तरीही बाटल्यांत भरून घेतलं. क्रिसोफोरोनं घड्याळ मखमलीत गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसनं तो गेला. पुढच्या गावात पोचेपर्यंत त्यानं तो बारीक खटका शोधलाही असेल. मास्तरांना हे ठाऊक होतं. त्या रात्री गोदाम रिकामं होत असताना ते बाकावर बसले. शेजारी ऑर्तेन्सिया बसली होती.

ब्रिसेइदा मात्र तिथं नव्हती. ती त्रान्सितो आजींचा हात धरून कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती. आजींनी कुलूप काढलं. फ्रिजमध्ये सरबताच्या बाटल्यांमागे हात घालून ब्रिसेइदानं एक पांढरा खोका बाहेर काढला. तो छातीशी धरून ती गोदामात परत आली आणि तिनं तो आईच्या मांडीवर ठेवला.

ऑर्तेन्सिया खोक्याकडे बघत राहिली. "हे इन्शुलिन टाकून दे म्हटलं होतं ना तुला?"

"म्हटलं होतंस."

"मग?"

"उद्या सकाळी दवाखाना उघडला की आपण जाऊ, किती घ्यायचं ते त्यांना विचारू," ब्रिसेइदा म्हणाली. "आत्ता साखर बघू."

तिनं खिशातून साखर मोजायचं यंत्र काढलं, आईच्या शेजारी बसली आणि आईचं बोट आपल्या हातात घेतलं.