पिवळी पाटी

पूंगोडीला संशोधनात तीन वर्षं झाली होती आणि तिच्या मार्गदर्शकांनी, डॉक्टर तिरुमलैसामींनी, प्रयोगाच्या भांड्याला हात लावून बहुधा तीस. सरांचा हात फोटोपुरता पुढे येई. आज तिरुप्पूरच्या रंगारी संघासमोर प्रात्यक्षिक होतं, म्हणून ते इस्त्रीचा कोट चढवून नवरदेवासारखे मिरवत होते. उथळ पाण्याला खळखळाट फार, आणि इथं तर पाणीही दुसऱ्यानंच भरलेलं.

सरांचा दावा असा: काचेवर दोन अर्धवाहकांचा लेप दिलेली पाटी घ्या, वर दिवा धरा, थोडी वीज सोडा, की रंगाचं पाणी निर्मळ. स्वच्छ पाण्यात चिमूटभर निळा रंग टाकला तर ते खरंही होतं. पण कापड रंगवायला मीठ लागतं, म्हणून कारखान्याचं पाणी खारट. त्यात वीज सोडली की क्लोरीन सुटतो आणि रंग तोच उडवतो. रंग जातो, विष राहतं. पूंगोडीनं हे चारदा सांगितलं. "तू अठ्ठ्याण्णव टक्के शुद्ध लिही," सर म्हणाले, "नाहीतर प्रबंधावरची सही विसर."

हे 'निर्मळ' पाणी पुढे नोय्यल नदीत जाणार होतं, आणि तिच्या बापाची विहीर त्याच काठावर होती. तिनं निमूट तयारी केली, दिवा लावला, वीज सोडली.

विसाव्या मिनिटाला कारखान्याचं लालभडक पाणी नितळ झालं. टाळ्या पडल्या.

"बघा माझ्या पाटीची करामत!" सर म्हणाले.

संघातले म्हातारे रंगमास्तर नाच्चिमुत्तु उठले आणि भांड्याला नाक लावून म्हणाले, "सर, हा तर ब्लीचिंग पावडरचा वास. एवढ्यासाठी कॉलेज कशाला हवं?"

"मास्तर, विज्ञानाला वास नसतो!"

पूंगोडीनं भांड्यातली काळी कांडी काढून फडक्यानं पुसली. "सर, ही टॉर्चच्या सेलमधली कार्बनची कांडी आहे. तुमची पाटी पिवळी."

कुणीतरी खोकलं. ज्या पाटीवर तीन वर्षं भाषणं ठोकली, तिचा रंगही या गृहस्थाला ठाऊक नव्हता.

"मग... पाटी कुठंय?"

"तुमच्या टेबलावर, सर. आठवडाभर कॉफीचा पेला तिच्यावरच ठेवताय. माझे सहीचे कागद तिच्याच खाली आहेत. राहू द्या तिथंच."