चिमीचे एकसष्ट गोल

भारताकडून फुटबॉलच्या चौऱ्याहत्तर सामन्यांत एकसष्ट गोल. देशातल्या दुसऱ्या कुठल्याच मुलीच्या नावावर एवढे गोल नाहीत. अडचण एवढीच होती, की ज्या चिमीच्या नावावर ते होते, ती सहाव्या वर्षीच तापाने गेली होती.

गोल मारणारी तिची थोरली बहीण, रूपी. तलासरीच्या डोंगरपट्टीतल्या त्यांच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नव्हतं. आश्रमशाळेच्या प्रल्हाद सरांना चौदा वर्षांखालच्या संघात रूपी हवी होती. रूपीला सोळावं लागलेलं. ती घरी जन्मली, म्हणून कागद नाही. चिमी दवाखान्यात जन्मली, म्हणून तिचा दाखला होता. "मेलेल्या पोरीला दाखला काय करायचा?" सर म्हणाले. आईला, तुळशीला, ते पटलं. बैल मेला म्हणून कुणी जू फेकून देत नाही.

आता रूपी बत्तीस वर्षांची, कागदावर एकोणतीस. उजव्या गुडघ्यावर दोनदा शस्त्रक्रिया झालेली. खेळ संपला होता, पण सरकारने क्रीडा अधिकाऱ्याची थेट नेमणूक देऊ केली होती. नेमणुकीच्या यादीत तिच्या खालोखाल असलेल्या मुलीच्या बापाने ग्रामपंचायतीतून चिमीच्या मृत्यूची नोंद काढली आणि वर पाठवली. पंधरा दिवसांत खुलासा करा, असं पत्र आलं. खरं सांगितलं तर नोकरी जाणार, पदकं जाणार आणि एकसष्टच्या जागी शून्य येणार.

सर निवृत्त होऊन डहाणू रोडला राहत होते. त्यांनी मायलेकींना तिथेच बोलावलं आणि देवेश वकिलांच्या नोटरीच्या टेबलाशी नेलं.

"सोपं आहे," वाटेत सर म्हणाले. "नोंद करताना नाव चुकलं, वय चुकलं. मेली ती रूपी. आईने तसं लिहून द्यायचं."

"मंग चिमी?" तुळशीने विचारलं.

"ही काय, समोर उभी."

"आन् रूपी?"

"मेली, तुळशीबाई. कागदावर."

"सर, कागदावर मेलं का रेशन बंद होतं."

सर हसले. रूपी हसली नाही. "आये, एकसष्ट गोल मी मारले. ते सोडून देऊ?"

"तू मारले ना? मंग तुझ्या नावानं माग."



वकिलांनी मजकूर मोठ्याने वाचला. 'माझी थोरली मुलगी रूपी ही तापाने मयत झाली असून...' मग विचारलं, "बरोबर आहे का, मावशी?"

सरांनीच मान डोलावली.

"त्यांनी स्वतः बोलायला पाहिजे. मी असाच शिक्का मारत नाही."

रूपी आईच्या कानाशी वाकली. "बोल. नाहीतर तुझी एकही पोर उरायची नाही."

"मेली," तुळशी म्हणाली.

"कोण?"

"रूपी."

तिचा अंगठा उमटला. रूपीने चिमीच्या नावाने साक्षीची सही ठोकली आणि वकिलांचे पैसे आणायला सरांच्या स्कूटरच्या डिकीकडे वळली. वकिलांच्या ओट्याला दोन पायऱ्या होत्या, आणि खालची निखळलेली होती.

"रूपे, पायरी!" तुळशी ओरडली.

वकिलांचा शिक्का हवेतच थांबला. रूपीने ऐकलं. थांबली असती तर सावरली असती. तिने पाय तसाच पुढे टाकला आणि उजव्या गुडघ्यावर आदळली.

"रूपी कोणाला म्हणाल्या या?" वकिलांनी विचारलं.

जमिनीवरूनच, दात आवळून, ती म्हणाली, "थोरलीची आठवण आली की मलाच त्या नावाने हाक मारते."

"होतं असं," वकील म्हणाले आणि त्यांनी शिक्का मारला.

तुळशी पायऱ्या उतरून आली. पोरीच्या गुडघ्यातून रक्त येत होतं. तिने हात पुढे केला, पण मधेच आखडता घेतला.

"लई लागलं का बाई तुमाला?" तिने विचारलं.