एकोणिसावा प्रश्न

गुरुवारी दुपारी चार वाजता चाळीची सगळी दारं नेहमीसारखी उघडी होती. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत लक्ष्मीकाकू सुपात कोकमं निवडत होत्या. त्यांच्यासमोर पुठ्ठ्याला लावलेला फॉर्म मांडीवर घेऊन मेघना परब बसली होती. ती शेजारच्याच खोलीत राहायची, पण आज कामावर आली होती. एका कॉलेजच्या संशोधनासाठी ती घरोघरी फिरत होती. विषय होता विद्यार्थ्यांचं आणि नोकरदारांचं मानसिक स्वास्थ्य. फॉर्मवर सत्तावीस प्रश्न होते.

"एकोणीस," मेघना वाचू लागली. "घरात कोणाला मानसिक आजारावर उपचार चालू आहेत का, किंवा उपचारांची गरज वाटते का?"

"आमच्यात तसला काय नाय हा," काकू हसल्या. "आमचे हे तेवढे येडे. पण त्येंका औषध नाय."

"आयकतंय हां मी!" आतून गुणाजीकाकांचा आवाज आला.

मेघनाने 'नाही'वर खूण केली. लालबाग-परळमधलं हे तिचं एकशे बेचाळिसावं घर होतं आणि एकोणिसाव्या प्रश्नाला एकशे बेचाळीस वेळा 'नाही' आलं होतं. झोप लागत नाही असं लोक सांगत, कामावर जाताना छातीत धडधडतं हेही सांगत. एकोणिसावर आले की हसत, नाहीतर चहा विचारत. काम बघणाऱ्या अनुजा मॅडम मागच्या आठवड्यात म्हणाल्या होत्या, "एवढं सुख लालबागला आलं कुठून गं? मीही तिकडेच खोली बघते."

फॉर्म भरणाऱ्या बाकीच्या मुली हसल्या होत्या. मेघनाला हसता आलं नव्हतं. प्रशिक्षणाच्या दिवशी प्रत्येकीने पहिला फॉर्म स्वतःच्या घराचा भरायचा असा विभागाचा नियम होता. त्या पहिल्या फॉर्मवर, एकोणिसाव्या प्रश्नापुढे, 'नाही' तिनेच लिहिलं होतं.

परबांचं दार चाळीत दिवसातून दोनदा लागायचं, सकाळी आठला आणि रात्री नऊला. मेघनाची आई, शकूताई, देवापुढे बसते, असं शेजारी समजत. दाराआड त्या वेलचीचा डबा उघडत आणि थोरल्या मुलाच्या, स्वप्नीलच्या, तळहातावर एक पांढरी गोळी ठेवत. गोळ्या पाकिटातून आधीच काढलेल्या असत. पाकिटं शकूताई कात्रीने बारीक कापून लांबच्या कचराकुंडीत टाकून येत. नवरा गेल्यावर दोन मुलांचं घर त्यांनी एकटीने चालवलं होतं. या बाबतीतही त्या कुठे कमी पडत नव्हत्या.

दोन वर्षांपूर्वी स्वप्नील आठवडाभर झोपला नव्हता. त्या आठवड्यात तो गात होता, जिन्यावर पोरांना नकला करून दाखवत होता, आणि सगळी चाळ म्हणत होती, काय खुशीत आहे पोरगा! आठव्या पहाटे तो गच्चीच्या कठड्यावरून चालत होता. त्याला खाली घेताना मेघनाच्या दोन्ही कोपरांची सालटी निघाली. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळी सांगितली, आणि ती आपल्या मनाने बंद करायची नाही हे तीनदा सांगितलं. चाळीला शकूताईंनी कावीळ सांगितली. लक्ष्मीकाकूंनी महिनाभर उसाचा रस पाठवला.

गोळीने स्वप्नील सावरला. लोअर परळच्या एका कचेरीत आठ महिन्यांपासून नीट कामाला जात होता. एकच खोड राहिली होती. गोळीमुळे त्याचा हात थरथरायचा. पाण्याचा पेला धरला की पाणी काठावर नाचायचं.

आणि रविवारी अकराला मेघनाला बघायला प्रभादेवीहून पाहुणे येणार होते.

हुंड्याला नाव आहे, त्याच्यासाठी कायदा आहे, मोर्चे निघाले आहेत. या चालीला नाव नाही. घरातल्या एकाचा आजार दुसऱ्याच्या लग्नासाठी झाकायचा, आणि तो झाकता यावा म्हणून त्याचं औषधही झाकायचं. ती पाळणारी माणसं वाईट नसतात, बहुतेक वेळा आई असते.

"एकदा तुझं होऊ दे," शकूताई म्हणायच्या, "मग सांगू सावकाश."

प्रभादेवीच्या त्या मुलाला, अभिषेकला, मेघना शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर दोनदा भेटली होती. तो ऐकून घ्यायचा, मधे बोलायचा नाही. तिला आवडला होता. दोन्ही वेळा ती सांगायचं ठरवून गेली आणि न सांगता परत आली.

रविवारी चहा उकळत असताना वेलची हवी म्हणून तिने डबा उघडला. त्यात वेलची कधीच नव्हती, हे ती घाईत विसरली होती. गोळ्या मात्र होत्या. फार होत्या.

"आई, या संपत कशा नाहीत?"

शकूताई पोह्यांवर खोबरं भुरभुरत होत्या. "हळू बोल."

"किती दिवस?"

"दहाच. पाहुणे गेले की रात्रीपासून सुरू. कप पडला असता हातातून, मग काय सांगायचं होतं? पुन्हा कावीळ?"

स्वप्नील मोरीतून तोंड पुसत आला. नवा सदरा, भांग पाडलेला, डोळ्यांत चमक. त्याने दोन्ही हात तिच्यापुढे पसरले. बोटं काठीसारखी स्थिर होती.

"बघ, मेघे! एकदम फिट. दोन रात्री झोपलो पण नाही, तरी फ्रेश!"

मेघनाच्या हातातलं झाकण खाली पडलं. त्याच वेळी दारात चपला वाजल्या.

पाहुणे तिघे होते. अभिषेक, त्याचे वडील आणि आई राधाबाई. चाळीच्या रिवाजाप्रमाणे दार उघडंच राहिलं. गॅलरीत एका खांबाआड लक्ष्मीकाकूंचा पदर दिसत होता. चहाचा ट्रे स्वप्नीलने आणला. एक थेंब बशीत सांडला नाही. शकूताईंनी त्या ट्रेकडे असं पाहिलं, जणू मुलाने बक्षीस आणलं.

मग तो बोलू लागला. जुन्या नाटकमंडळीची नक्कल झाली, बेस्टच्या कंडक्टरची झाली, अभिषेकच्या वडिलांच्या राजकीय मतांना त्याने चार टपल्या मारल्या. राधाबाईंना हसता हसता ठसका लागला.

"अहो, असा भाऊ पाहिजे!" त्या म्हणाल्या. "आमचा अभिषेक म्हणजे मौनीबाबा."

"त्याला माझ्याकडे द्या, आठ दिवसांत पोपट करतो!"

पुन्हा हशा. मेघना भिंतीला टेकून उभी होती. खोलीत सगळ्यांना एक लाघवी तरुण दिसत होता. तिला त्या आठवड्याचा तिसरा दिवस दिसत होता. गप्प राहिलं तर तासाभरात होकार मिळेल. बोललं तर तो मिळणार नाही. पाहुणे गेले की रात्री गोळी देऊ, असं तिने स्वतःला समजावून पाहिलं. पटलंही असतं.

"चला, गच्ची दाखवतो," स्वप्नील उठला. "आमच्या कठड्यावर उभं राहिलं ना अभिषेक, समुद्र दिसतो. आईशप्पथ!"

अभिषेक हसत उठला. शकूताईंचा हात पोह्यांच्या ताटलीवर तसाच राहिला.

मेघना दारात आडवी उभी राहिली.

"स्वप्नील गच्चीवर जाणार नाही."

"मेघना!" शकूताई म्हणाल्या.

"त्याला आजार आहे. दोन वर्षं गोळी चालू होती, ती दहा दिवस बंद आहे. तुमच्यासाठी बंद केली, हात थरथरू नये म्हणून. आता आम्हाला दवाखान्यात जायचंय."

गॅलरीत खांबाआडचा पदर मागे सरकला. "तू पण?" स्वप्नील म्हणाला आणि खाली बसला. मग तो ओरडला, पेला भिंतीवर फेकला, आणि शेवटी आईच्या मांडीत तोंड घालून रडला.

पाहुणे तोवर उठले होते. अभिषेक काहीतरी बोलणार होता, पण वडिलांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. राधाबाई चपला घालताना मेघनापाशी थबकल्या. आवाजात राग नव्हता.

"सांगायला नको होतंस, बाळ. आम्ही विचारलं नव्हतं."

परळच्या इस्पितळापर्यंत तिघं टॅक्सीने गेली. वेलचीचा डबा शकूताईंनी मांडीवर दोन्ही हातांनी धरला होता. डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या कोणी बंद केल्या?"

"मी," त्या म्हणाल्या. "मी आई."

स्वप्नीलला आठ दिवस ठेवून घेतलं. वेळेवर आलात, असं डॉक्टर म्हणाले. मंगळवारी प्रभादेवीहून निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका कोणी मागितलीच नव्हती. अभिषेकचा फोन आला नाही. मेघनाने तीन दिवस वाट पाहिली, मग सोडून दिली.

शुक्रवारी ती कॉलेजात गेली आणि अनुजा मॅडमकडे स्वतःचा पहिला फॉर्म मागितला.

"रद्द करायचाय?"

"दुरुस्त करायचाय."

एकोणिसाव्या प्रश्नापुढचं 'नाही' तिने एका रेघेने खोडलं, 'आहे' लिहिलं आणि खाली सही केली. मॅडमनी फॉर्म दोनदा वाचला. या वेळी त्या काही गमतीचं बोलल्या नाहीत.

चाळीत त्या आठवड्यात कोणी परबांकडे फिरकलं नाही. नळावर शकूताई आल्या की बोलणं थांबायचं. शनिवारी दुपारी मात्र लक्ष्मीकाकू उंबऱ्यात उभ्या राहिल्या. हातात रिकामं सूप होतं. कशाला आणलं, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"गो मेघना, तो तुझो कागद. परत भरता येता काय?"

"येतो की, काकू. बसा."

काकूंनी आत येऊन दार लोटलं. परबांचं दार दुपारी लागलेलं त्या घराने प्रथमच पाहिलं. मेघनाने पुठ्ठा घेतला आणि एकोणिसावा प्रश्न पुन्हा वाचला, तेवढ्याच सावकाश.

"काकांसाठी विचारताय?" तिने हळूच विचारलं.

काकूंनी नाही म्हणून मान हलवली. चौदा वर्षं गॅलरीभर हसणारी ती बाई सुपाच्या काठावरून बोट फिरवत राहिली.

"त्येंका काय जाला नाय," त्या म्हणाल्या. "माका. लिही... माका."

ओट्यापाशी उभ्या असलेल्या शकूताईंनी वेलचीचा डबा बाजूला सरकवला आणि लक्ष्मीकाकूंसाठी चहाचं आधण ठेवलं.