आर्नी हेपवर्थच्या बरगड्या

पहिली बरगडी मोडते ना, तेव्हा सुकी फांदी पायाखाली आल्यासारखा आवाज येतो. दुसरी मोडली की तो हातातून थेट दाढेत जातो. बावीस वर्षं ॲम्ब्युलन्सवर काढली, अजून सवय नाही झाली.

आर्नी हेपवर्थ. वय एक्याऐंशी, कोळशाच्या खाणीतला गडी, फुप्फुसं कॅन्सरनं पोखरलेली. यॉर्कशायरचा, म्हणजे आम्हा लँकेशायरवाल्यांचा पिढीजात वैरी. शेवटचे दिवस काढायला डोंगर ओलांडून पोरीकडं, आमच्या लँकेशायरात आलेला. सकाळी चहाच्या वेळेला घरघर लागली, पोरगी मॉरीन घाबरली, तिनं आम्हाला फोन केला. आम्ही दारात पाय ठेवला आणि म्हाताऱ्याचं काळीज थांबलं.

त्याला पलंगावरून ओढला, जमिनीवर आडवा केला, छाती दाबायला लागलो. कड्.

"नका हो!" मॉरीन किंचाळली. "त्यांनी लिहून ठेवलंय! कंप्युटरवर आहे! असलं काही करायचं नाही म्हणून!"

"शबनम, बघ गं."

माझी जोडीदारीण शबनम टॅबलेटवर बोटं आपटत होती. "नाव आहे, जन्मतारीख आहे. बाकी कोरं. तू दाबत राहा."

नियम असा, की मरणाऱ्यानं लिहिलेलं डोळ्यांनी दिसलं तरच थांबायचं. नुसत्या पोरीच्या शब्दावर नाही. एखादी खोटंही बोलेल. म्हणून दाबत राहिलो. कड्. कड्.

तेवढ्यात दार भिंतीवर आदळलं. पोरगा ग्लेन, डोंगरापलीकडून बापाला भेटायला आलेला, हातात पावाची पिशवी. बघतो तर बाप जमिनीवर आणि मी त्याच्या उरावर. पहिली मूठ नाकावर बसली, आता हाड माझं मोडलं. "सोड माझ्या बापाला, कसाया!" दुसरी जबड्यावर. दात सुटून जिभेवर आला. शबनमनं माझ्या जागी हात टाकले. तो तिच्याकडं वळला, तर मी त्याच्या पायांना मिठी मारली. दोघं कपाटावर कोसळलो, काच फुटली, माझा कोपर फाटला. म्हाताऱ्याच्या सदऱ्यावर माझंच रक्त.

मॉरीननं बापाच्या तिकडच्या नर्सला फोन लावून स्पीकरवर टाकला. बाई बोलली, "आहे की, इथं सगळं लिहिलंय. पण तुम्हाला दिसणार नाही. कुणाकुणाला दाखवू विचारलं, तर आर्नी म्हणाला, आपल्याकडं सगळ्यांना दाखव, डोंगरापलीकडं नको. लँकेशायरवाल्यांना कशाला सांगायचं मी कसा मरतोय ते?"

ग्लेनची मूठ माझ्या कॉलरवर तशीच थांबली. "हे बापच बोललाय," तो म्हणाला.

"बाई, आता तरी दाखवा!" मी फोनकडं तोंड करून ओरडलो.

"जीव जात असेल तर उघडता येतं. कारण लिहावं लागतं."

"लिहा, एक मरतोय आणि एकाला मारतायत!"

टॅबलेट वाजला, आणि त्याच क्षणाला शबनम ओरडली, "ठोका लागला!"

मी वाचलं. *छातीला हात लावायचा नाही. दवाखाना नाही. खाणीनं जन्मभर बडवलं, मरताना तरी बडवू नका.*

आणि चार बरगड्या मोडून मी त्याला परत आणलेला. प्रत्येक श्वासाला तो कुत्र्यासारखा विव्हळत होता.

दवाखान्यात नेलं नाही. अलगद उचलून पलंगावर ठेवला. नर्सनं दुखण्याच्या औषधाचा डबा आर्नीसोबत पाठवला होता. शबनमनं डॉक्टरला फोनवर विचारून सुई दिली. हळूहळू विव्हळणं थांबलं.

ग्लेननं गोठलेल्या वाटाण्यांची पिशवी माझ्या नाकावर दाबली. "धर. माफ कर."

"मूठ बापाची घेतलीस का?"

"बापाच्या निम्मीही नाही. तू वाचलास." आणि रडायला लागला.

आम्ही तिथंच बसलो. अकराला श्वास तुटला. माझे हात आपसूक उचलले गेले. ग्लेनची मूठही वर आली. मी दोन्ही हात मांडीखाली घातले आणि त्यांच्यावर भार देऊन बसलो. ते खाली धडपडत होते. मॉरीननं बापाचे डोळे मिटले, तोवर मी ते बाहेर काढले नाहीत.